सासूबाईंच्या पोटाचा अहवाल

सूसामीरचं कुरण, बारा जुलै

प्रिय धाकट्या जाऊबाई मीरगुल,

तुला, भाऊजींना आणि तुमच्या बिश्केकच्या नळाला येणाऱ्या गरम पाण्याला मोठ्या जावेचे आशीर्वाद. पोरं, मेंढरं, घोड्या खुशाल. सासूबाई तर इतक्या खुशाल आहेत की आता तो संशोधनाचा विषय झालाय.

गेल्या महिन्यात तुमच्या शहरातून दोन डॉक्टरणी आल्या होत्या. पोटातल्या जंतूंमुळे कातडी लवकर किंवा उशिरा म्हातारी होते की काय, हे त्यांना शोधायचंय. (अजून खात्री नाही म्हणतात. नुसत्या शंकेपायी एवढा घाट चढून येणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.) सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आणि गालावर सुरकुती नाही, मी एकावन्नची आणि तोंड वाळलेल्या जर्दाळूसारखं, हे बघून त्या हरखल्याच. शिवाय दोघी एकाच पिशवीतला कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, पितो. (मी दिवसातून सहा वेळा उन्हात घोड्या दोहते आणि सासूबाई तंबूत बसून पितात, हे त्यांच्या कागदात विचारलेलंच नव्हतं.) दोघींना एकेक डबी देऊन म्हणाल्या, उद्या सकाळचा नमुना यात भरून द्या.

सासूबाईंनी डबी माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, "आई, हे ज्याचं त्यानंच करायचं असतं." तर म्हणतात, "सत्तावीस वर्षं माझं सगळं तूच करतेस, मग आजच गं कशी कां-कू?" दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डब्या मीच भरल्या.

काल अहवाल आला. सासूबाईंच्या पोटातले जंतू पन्नाशीतल्या बाईचे निघाले! म्हणूनच कातडी तजेलदार असावी, असं डॉक्टरणींना वाटतं. माझेही हुबेहूब तसेच, मग माझ्या तोंडाला काय झालं हे त्यांना उमगेना. सासूबाईंना लगेच उमगलं. शेजारच्या तंबूत जाऊन सांगून आल्या, "सुनेचं पोट बरंय गं, स्वभावच कुजका. तोच तोंडावर उमटतो." मला इतका राग आला की कुमिस घुसळता घुसळता दांडा मोडला.

आता पुढच्या तपासणीसाठी त्यांना महिनाभर बिश्केकला बोलावलंय. त्या तुझ्याकडे राहतील. (आई धाकट्या मुलाकडे राहते ही आपली रीत. तिची तुम्हाला आठवण करून द्यायला डॉक्टरणी याव्या लागल्या.) नाही म्हणू नकोस, मीरगुल. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हाकेशिवाय माझा एक दिवस गेला नाही. हा महिना मला हवाच आहे.

तुझी,
काल्बुबू

ता. क. : तिथे दर सोमवारी एक डबी द्यायचीय. ती कोणाच्या हातात येईल, हे सांगायला नको.

आणखी एक : तू बत्तीस वर्षांची. म्हणजे या खेपेला सासूबाईही बत्तीसच्या ठरतील, आणि मग डॉक्टरणी त्यांना काही लवकर सोडायच्या नाहीत. तू तेवढं पोट सांभाळ, माझ्यासाठी.