धाकटीच्या ताटाची व्यवस्था

आज मंगळवार, मार्चची अकरा तारीख. ही तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न पाहता लिहिली आहे. मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, पूर्वीचा व्यवसाय शिलाई मशीन दुरुस्ती, असे लिहून ठेवते की मी शुद्धीत आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही, आणि मी काय लिहिते आहे ते मला कळते आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तासभर प्रश्न विचारून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. दाखल्यात "आजच्या घडीला" असे दोन शब्द आहेत. माझी घाई त्या दोन शब्दांमुळे आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास मला आठवत नाही, आणि ते रद्द समजावे.

एक. राहते घर, तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्यामागे माझ्या बहिणीचे. वय एकसष्ट झाले तरी तिला सगळे धाकटी म्हणतात. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले, ती चाकाच्या खुर्चीत असते. घशाचे ऑपरेशन झाल्यापासून तिला मऊ, ताजे, एकही गाठ नसलेले अन्न लागते, दिवसातून चार वेळा. बाहेरचा डबा दोनदा लावून पाहिला. दोन्ही वेळा ठसका लागून तिचे ओठ निळे पडले. तिच्या हयातीत हे घर कोणी विकू नये.

दोन. आमच्या मधल्या भावाला माझ्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी द्यावी. तीस वर्षे दर रविवारी तो जेवायला आला आणि पहिल्याच घासाला "ताई, मीठ कमी आहे" म्हणाला. उठून घेतले कधीच नाही. आता आपल्या हाताने घ्यावे. दुसरे काही त्याला देत नाही, कारण धाकटीला संस्थेत ठेवण्याचे फॉर्म त्याने मला न विचारता आणले होते.

तीन. हे कलम मला लिहायचे नव्हते.

जानेवारीत एका सकाळी मी कढईत तेल तापत ठेवले, आणि दूध संपले म्हणून पिशवी घेऊन खाली उतरले. त्यानंतरचे आठवते ते असे. मी माझ्या दुकानाच्या काचेच्या दारात उभी आहे, कुलपात किल्ली घालते आहे आणि ती जात नाही. आतून एक माणूस आला. "मावशी, कोण हवंय?" मी चिडून म्हटले, "कोण म्हणजे? माझं दुकान आहे हे!" आत मोबाइल मांडलेले होते. ते दुकान विकून मला नऊ वर्षे झाली आहेत.

घरी आले तेव्हा जिन्यात धूर होता. समोरच्या घरातल्या कुलूपवाल्यांनी आत शिरून आग विझवली होती. ओट्यावरची भिंत छतापर्यंत काळी. धाकटी खिडकीला खुर्ची टेकवून बसलेली, तोंडावर ओला टॉवेल, एक भुवई जळलेली. मला पाहून ती म्हणाली, "आणलंस का दूध?"

मी सगळ्यांना सांगितले की दुधाच्या दुकानात रांग होती. रांग नव्हती.

काल एवढे कच्चे लिहून मी धाकटीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "ताई, अर्धंच लिहिलंयस."

"काय राहिलं?"

"तू बाहेरून कुलूप लावून गेली होतीस."

मी म्हटले, छे, कडी अडकली होती. तिने कुलूपवाल्यांना हाक मारली. ते दारात उभे राहिले, नजर चपलांवर. "कडी अडकलेली नव्हती," ते म्हणाले. "कुलूप होतं. मी कापलं. ह्या म्हणाल्या, कुणाला बोलू नका, नाहीतर दोघींना वेगळं करतील."

म्हणजे मी तिला आगीसह कोंडून गेले होते. ते मला अजूनही आठवत नाही. आठवते त्याचा बंदोबस्त करता येतो. जे आठवतच नाही, ते पुन्हा कधी येईल याची भीती वाटते. चहाचा कप खाली ठेवतानाही वाटते.

बाहेरची कडी त्यांनी काल संध्याकाळी काढून टाकली. हे कागद उघडतील तेव्हा भावालाही सगळे कळेल, पण तेव्हा मी त्याच्या तावडीत नसेन.

चार. स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईंना माझे बारा स्टीलचे चमचे द्यावेत आणि माझ्या वतीने माफी मागावी. मी त्यांना चोर म्हटले. त्या पदर खोचून निघून गेल्या, आणि चमचे आठ दिवसांनी माझ्याच मशीनच्या खोक्यात, बॉबिनच्या खाली सापडले. त्यानंतर आलेल्या दोघींनाही मी टिकू दिले नाही.

पाच. या कारणांसाठी मी बँकेतली ठेव मोडून घरकामाचा रोबो घेतला आहे. तो माझ्या हयातीत आणि माझ्यामागे धाकटीचा स्वयंपाक करील. उरलेली रक्कम त्याच्या देखभालीसाठी.

तो आम्ही प्रदर्शनात पाहिला. चाकांवरचा, दोन हातांचा. त्याने भाज्या चिरल्या, शिजवल्या, घोटून गाळल्या. विक्रेता मुद्दाम त्याला एकटे सोडून लांब गेला. भांडे जास्त तापताच त्याने आच बंद केली. विक्रेता परत येऊन म्हणाला, "आजी, याला विसरायला होत नाही." तो सहज बोलला. मी मात्र ते वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावले.

धाकटीने एक चमचा घेतला. मी तिच्या गळ्याकडे पाहत राहिले. तो वर गेला, खाली आला. गिळले.

"कसं आहे?"

"तुझ्याइतकं वाईट नाही."

मी हसले, आणि विक्रेत्याला किंमत विचारली.

भाऊ फोनवर ओरडला, "आगीपाशी यंत्र ठेवणार? बिघडलं तर?" मी चाळीस वर्षे बिघडलेली यंत्रेच पाहिली आहेत. यंत्र बिघडण्याआधी खडखडते, पट्टा घसरतो, धागा तोडते. माझे डोके खडखडले नाही. शिवाय रोबोला मी चोर म्हटले तरी तो दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभा असेल.

तो अठ्ठावीस तारखेला येणार आहे. तोपर्यंत गॅसचा रेग्युलेटर कुलूपवाल्यांकडे आहे. ते दिवसातून चारदा येतात, मी स्वयंपाक करेपर्यंत दारात थांबतात आणि तो काढून नेतात. हे सतरा दिवस नीट जावेत, एवढीच माझी सध्या प्रार्थना आहे.

सहा. माझी हत्यारे, तेलाची कुपी आणि दोन चालू मशीन खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीला. पेचकस पुसून ठेवावेत.

सात. कागद करायला बोलावलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. जिवंतपणीच्या सूचना यात बसत नाहीत." मी म्हटले, "मी जाणार आहे ती हप्त्याहप्त्याने. कुठल्या हप्त्यापासून लागू करायचं ते तुम्हीच सांगा." त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, वेगळा कागदही करू, पण इथेही राहू दे.

म्हणून लिहिते. पुढे मी या रोबोला ओळखले नाही, घाबरले, "हे कोण शिरलंय घरात, बाहेर काढा" म्हणाले, तर माझे ऐकू नये. ओट्यापाशी जाऊ द्या म्हणून मी रडले तरी जाऊ देऊ नये. तो हुकूम माझा नसेल, सही जुळली तरी.

हे वकीलबाई वेगळ्या कागदावर उतरवून घेत असताना धाकटीने विचारले, "आणि मलाच ओळखलं नाहीस तर? मलाच बाहेर काढा म्हणालीस तर?"

 साक्षीला आलेल्या डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

आठ. हे कलम सुचायला मला पाऊण तास लागला. रोबोत घरच्या माणसाचा आवाज भरता येतो असे विक्रेत्याने सांगितले आहे. माझ्या आवाजातले एक वाक्य त्यात भरावे. मी जेवायच्या वेळी "ही कोण?" असे विचारले की त्याने ते म्हणावे: "ही आपली धाकटी. तिला आधी वाढायचं, मग आपण बसायचं." मी तेव्हा माझे ऐकेन याचा भरवसा नाही. आवाज तरी ओळखीचा वाटेल.

ते वाक्य आत्ता सगळ्यांसमोर वकीलबाईंच्या फोनवर म्हणून ठेवले. आवाज फार थरथरला. मी म्हटले, पुन्हा म्हणते. धाकटी म्हणाली, "नको. असाच राहू दे. तेव्हा तू घाबरलेलीच असशील."

वरील मजकूर मी स्वतः वाचला, धाकटीला वाचून दाखवला, आणि मग सही केली. लाभ घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून तिची सही नाही. सही होईपर्यंत ती माझा डावा हात धरून होती.

सही : ताई

साक्षीदार पहिले : सही, समोरचे कुलूपवाले
साक्षीदार दुसऱ्या : सही, डॉक्टरीणबाई

स्थळ : राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक : ११ मार्च, मंगळवार, दुपारी पावणेबारा