एकाच हाताचे बेचाळीस अर्ज

आई,

मंगळवार, तेवीस सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. वेळ नक्की आहे. मी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग मनगटावरचं, आणि दोन्ही घड्याळांचं एकमत होतं. सरकारी भिंतीवर असं क्वचितच घडतं. त्या मिनिटाला वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनिअरने माझ्यासमोर बेचाळीस अर्जांचा गठ्ठा ठेवला, त्यावर रबरबँड चढवला आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळे मिळून एक."

तुझ्या वेळी हे प्रकरण नव्हतं, म्हणून आधी समजावून सांगते. आता दरवर्षी या दिवसांत पालिका लोकांना विचारते, पुढच्या वर्षी तुमच्या भागात कुठलं काम व्हावं? एका माणसाचा एक अर्ज, एका अर्जात एक काम. वॉर्ड ऑफिसात कामाप्रमाणे गठ्ठे लावतात. ज्याचा गठ्ठा जाड ते काम यादीत वर, मग इंजिनिअर जागा बघतो, आणि यादी वर जाते. ऐकायला शाळेतल्या मॉनिटरच्या निवडणुकीइतकं सरळ आहे. गेल्या वर्षी मी उत्साहाने ती यादी बघायला गेले, तर पहिल्या नंबरावर स्वागत कमान. कासारवाडीत कोणाचं स्वागत करायचं राहून गेलं होतं, देव जाणे. मी गठ्ठा बघायला मागितला. सगळे अर्ज एका हाताने लिहिलेले, एकाच निळ्या पेनाने. आमच्याकडे एक होऊ घातलेले पुढारी आहेत, त्यांच्या माणसाने चहाच्या टपरीवर बसून एका दुपारीत उरकलेले. मी तिथल्या तिथे तक्रार लिहून दिली. उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. नोंद घेतली म्हणजे काय होतं ते मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं कंपनीत साहेब लोकांची पत्रं मीच लिहीत होते, असली उत्तरं मीच शेकड्यांनी टाइप केली आहेत.

या वर्षीचं माझं काम कमानीसारखं नव्हतं. आपल्या खालच्या खोलीत आता एक भाडेकरू राहते, परभणीकडची, बत्तीसेक वर्षांची. चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहे. तुझ्या वेळी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, आता तिथे लाखभर माणसं शिफ्टला जातात आणि सगळी एकाच रस्त्याने. ती पहाटे साडेपाचला कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी असते. बस कधी येईल आणि रस्त्यात किती अडकेल याचा भरवसा नाही, आणि त्या कोपऱ्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. म्हणून ती पाणीच पीत नाही. तीच नाही, तिथे उभ्या राहणाऱ्या सगळ्याजणी. मार्चमध्ये ती तापाने फणफणली, मी तिला पिंपरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाल्या, इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलंय, दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं, पुन्हा असं झालं तर अवघड आहे. बाहेर आल्यावर मी बाटली पुढे केली तर म्हणते, "काकू, घरी गेल्यावर पिते. मधी कुठं जाऊ?"

मग मी ठरवलं. त्या कोपऱ्यावर स्वच्छतागृह, आणि यादीत पहिल्या नंबरावर. ऑगस्टमध्ये मी बायका गोळा केल्या. आपल्या पुढच्या अंगणात, ओट्यावर. कोणी कंपनीतल्या, कोणी धुणीभांडी करणाऱ्या, दोघीतिघी भाजीवाल्या. मी फॉर्म वाटले तर एकीने माझ्याकडे परत सरकवला. "तुमीच लिवा की. आमचं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय." सगळ्या हसल्या, आणि सगळ्यांनी फॉर्म परत दिले. खरं सांगू? मला बरं वाटलं. कॉन्व्हेंटचं अक्षर आहे माझं, अजून थरथरत नाही. तीन दिवसांत बेचाळीस अर्ज लिहिले, प्रत्येकीची सही नाहीतर अंगठा घेतला, फोन नंबर टाकले आणि वॉर्ड ऑफिसात नेऊन दिले. इतकं नेटकं काम त्या ऑफिसात कधी आलं नसेल.

आणि हा मुलगा म्हणतो, सगळे मिळून एक.

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही, तुला आवडायचं नाही. तो ऐकून घेत होता. मग त्याने एक फाइल काढली आणि माझ्याकडे वळवली. आत माझीच गेल्या वर्षीची तक्रार. एका हाताने लिहिलेले सर्व अर्ज एकच धरावेत, खाली लाल रेघ, खाली माझी सही. "मॅडम, नियम तुमचाच आहे. साहेबांना पटला. तुमच्यामुळे यंदा कमान बाद झाली." मी म्हटलं, ते अर्ज खोटे होते, हे खरे आहेत, या बायका जिवंत आहेत, फोन लावून बघा. तो म्हणाला, "लावले ना. नमुन्याला तिघींना लावले." आणि हळूच, जरा ओशाळून, "एकीने सांगितलं, मी तर लाइटचं म्हटलं होतं." मी नाव विचारलं. आपलीच खालची.

आई, तिथून घरापर्यंत मी कशी आले ते आठवत नाही. रिक्षा केली की चालत आले, तेही नाही. मनात एकच, जिच्यासाठी केलं तिनेच पाय ओढला. ती शिफ्टवरून आल्याआल्या दारातच गाठलं. "तू लाइट म्हणालीस?"

"व्हय काकू."

"बाप्याला सांगायची लाज वाटली म्हणून?"

"थोडी वाटली. पर मी तुमाला बी लाइटच म्हणलं होतं. वट्यावर. तुमी म्हणलात, बरं बरं, आणि लिवलं."

"मग स्वच्छतागृह नको तुला?"

"पायजे की! पर तितं पहाटं काळोख असतो. दिवे बंदच हायेत दिवाळीपासून. मुतारी बांधली तरी त्या अंधारात आत कोण जाईल? दार लावून घ्यायला बी भ्या वाटतंय. आधी लाइट, मग ते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तुमी रागवू नका. तुमी पहाटं कवा आलाय का तितं?"

मी कधीच गेले नाही पहाटे. मी तो कोपरा सकाळी नऊ वाजता बघितला, दूध आणायला जाताना, लख्ख उन्हात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. चूक कोणाची ते धरायला गेले की निसटतं. नियम बरोबर आहे, मीच केलेला. त्या नियमाने माझे अर्ज एकच झाले, तेही बरोबर असेल, कारण बेचाळीसजणींचं मत विचारलं असं मी समजत होते आणि लिहिलं एकटीचं. पण ते एकटीचं मत चुकीचं होतं का? डॉक्टर काही दिव्याचं बोलल्या नव्हत्या. मग मला तू आठवतेस, आणि का आठवतेस तेही नीट कळत नाही. शाळेचं स्वयंपाकघर. तुझे हात कोपरापर्यंत पिठात. तू तिथे पोळ्या लाटायचीस म्हणून सिस्टरांनी मला शाळेत घेतलं, हे मी कोणाला सांगत नसे. दुपारी भांडी झाली की त्या स्वयंपाकघरातल्या तुम्हा चौघींना फळ्यासमोर बसवायच्या, आणि तू जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवायचीस, घरी आणून, जीभ दातांत धरून. मी आठवीत आहे. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही हवी आहे. तू हात धुतेस, पदराला पुसतेस, पेन घेतेस. पहिलं अक्षर काढायला तुला इतका वेळ लागतो आहे की मला बसवत नाही. ते अक्षर रेघेच्या खाली घसरतं आहे. उद्या ते पुस्तक वर्गात सगळ्या मुली बघणार आहेत. मी पेन ओढून घेते. "दे, मीच करते." आणि बाबांची सही करते, सलग, ऐटदार. तू बघतेस आणि म्हणतेस, "चांगलं हाय तुजं अक्षर."

एवढंच. रागावली नाहीस. त्यानंतर ती कॅलेंडरं मला दिसली नाहीत. तुमचा वर्ग बंद पडला असेल, किंवा संध्याकाळचं काम वाढलं असेल. मी विचारलं नाही. पुढे एकदा नळावर कोणीतरी तुला बोललं आणि मी तुझ्या वतीने भांडायला उतरले, तेव्हा मात्र तू मला घरात ओढून नेलंस आणि म्हणालीस, "मला जीभ हाय." तेव्हा वाटलं, काय कृतघ्न बाई आहे.

इंजिनिअरने मला बेचाळीस कोरे फॉर्म दिले आहेत. तीस तारखेला संध्याकाळी पाचला खिडकी बंद होते. ज्याचा त्याने लिहायचा, अक्षर कसंही चालेल, म्हणाला. आता कसं करू? त्यांच्या हाती दिले तर अर्ध्याजणी लाइट लिहितील, कोणी गटाराचं झाकण, कोणी काहीच नाही. गठ्ठे पातळ होतील आणि सगळंच खाली जाईल. सगळ्यांना बसवून, एकच लिहा म्हणून सांगितलं, तर मी आणि तो टपरीवरचा माणूस यांत फरक काय राहिला? आणि गप्प बसले, तर ती खालची अजून वर्षभर तहानलेली बसमध्ये चढणार. संध्याकाळी ती येऊन दारात बसली होती, फॉर्म हातात, पेन हातात. तिने 'ला' काढला आणि थांबली. माझा हात पुढे गेला, आई. मी तो मागे घेतला, पण पुढे गेला होता.

हे पत्र कुठल्याच खिडकीवर देता येणार नाही, माहीत आहे. तरी मागणी करते. मी काय करावं ते मला कळवावं. निरोप नको, स्वप्नात येणं नको, लेखी हवं, आणि तुझ्या हातचं. घसरलेलं असलं तरी चालेल, कितीही वेळ लागला तरी चालेल, मी मध्ये बोलणार नाही. एक कबूल करून ठेवते: तुझ्या हातची एक ओळही माझ्याकडे नाही, त्यामुळे आलं तरी ते तुझं अक्षर आहे हे मला ओळखता येणार नाही. उत्तराची मुदत सोमवार, एकोणतीस तारीख, दुपारी बारा वाजेपर्यंत.