सूनबाईच्या गाडीचा धूर

आबा, तुमची गाडी पीयूसीत नापास झाली. तुमची म्हणते खरी, पण तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "सूनबाईनी गाडी शे ती." सेकंडहँड गाडी दारात आली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर किल्ली माझ्याच हातात दिली होतीत. आता तिची नोंदणी पुढे वाढवायची वेळ आली, आणि पीयूसीशिवाय ती होत नाही. पीयूसीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, मशीनवरचा आकडा भराभर चढला आणि त्याने नकारार्थी मान हलवली. तुमच्या चिरंजीवांनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. मी म्हटलं, आठ दिवस द्या. माहेरचं सोनं गेलं असतं तरी मी एवढी भांडले नसते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सायकलपलीकडे काही येत नव्हतं. तुम्ही कापसाच्या जिनिंगवर सुपरवायझर होतात. हंगाम संपला की ते आवार मोकळं व्हायचं, आणि रविवारी तुम्ही मला तिथे न्यायचात. मी क्लच सोडते, गाडी बेडकासारखी उडी मारते, आणि तुम्ही शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलताय. माझ्यावर ओरडलात ते एकदाच. गाडी भिंतीला घासली तेव्हा नाही, तेव्हा तर हसत होतात. मी "मला नाही जमणार" म्हटलं, तेव्हा ओरडलात. "असं बोलीसन गाडी चालत नही! लाव पहिला गियर!" घरी सासूबाईंचा, अक्कांचा निराळाच दांडपट्टा सुरू असायचा. सून गाडी चालावस अन् सासरा शेजारे बसस, लोके काय म्हनतीन? माझ्या गाडीत बसणार नाही, असं त्यांनी जाहीरच केलं होतं, आणि शब्दाच्या त्या पक्क्या. जवळच्या असोद्याला लग्न असलं तरी रिक्षाने जायच्या.

मग तुम्ही गेलात, आणि माझा हात बिघडला. असं सगळेच म्हणायचे. रेल्वेच्या पुलावर चढताना गाडी धापा टाकायची, गचके द्यायची, आणि मागच्यांच्या हॉर्नने माझे कान तापायचे. "आबा शेजारी असायचे म्हणून चालवत होतीस," तुमचे चिरंजीव म्हणाले. वाईट मनाने नाही म्हणाले, पण लागायचं ते लागलंच. हळूहळू मीही शाळेत शिकवायला रिक्षाने जाऊ लागले. गाडी दारात उभी असायची, दरवर्षी काठावर पास व्हायची, आणि यंदा तेही जमलं नाही.

मिस्तरीने घरी येऊन प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, नवा फिल्टर घातला. पुन्हा नापास. आठ दिवसांच्या मुदतीतला शेवटचा दिवस उजाडला, सकाळीच भंगारवाल्याचा फोन येऊन गेला. मिस्तरी म्हणाला, वहिनी, एकदा शेवटचं बघतो, आणि फिल्टरच्या पुढे हवा आत घेणारी नळी असते ना, तिच्यात त्याने हात घातला. "आत काहीतरी मऊ लागतंय," म्हणाला. मला वाटलं, उंदीर मेलाय. त्याने ओढून काढलं ते एक फडकं. काळंकुट्ट, कापसाच्या तुसाने गच्च भरलेलं, कडेला सुतळी. ओट्यावर गहू निवडणाऱ्या अक्का उठून आल्या. त्यांनी फडक्याचा कोपरा बोटांनी चोळला, आणि आतून लाल काठ निघाला.

"हाई तं मनं लुगडं शे! दोरीवरथीन गयं व्हतं! मी बठ्ठी गल्लीले गाया दिन्यात, अन् चोर मना घरमाच व्हता!" वाळत घातलेलं ते लुगडं चोरीला गेलं म्हणून त्यांनी तेव्हा सगळ्या गल्लीला शिव्या घातल्या होत्या.

दर रविवारी तुम्ही बॉनेट उघडून काय खुडबुड करायचात, ते मला तेव्हा कळलं. जिनिंगवरचा तूस इंजिनात जाऊ नये म्हणून तुम्ही नळीच्या तोंडाला अक्कांच्या लुगड्याचा तुकडा बांधला होता, आणि तो झटकून परत बांधत होतात. तुमच्या मागे ते कुणाला ठाऊकच नव्हतं. फडकं तुंबत गेलं आणि ओढीने आत सरकलं, इंजिनाला हवाच पुरेना, म्हणून तो धूर आणि ते गचके. अक्का हसता हसता खाली बसल्या, मग पदराने डोळे पुसायला लागल्या. मलाही रडू आलं. मिस्तरी बिचारा पाना हातात धरून उभा.

दुपारी गाडी पास झाली. अक्का सोबत आल्या होत्या, पुढच्या सीटवर, आपण होऊन. येताना पूल लागला आणि गाडी तिसऱ्या गियरमध्ये सरळ वर चढली, एकही गचका नाही. अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, "इतली चांगली चालावस तू? मंग इतला दिन काय करी ऱ्हायनती?" मी चौथा गियर टाकला. संध्याकाळी तुमच्या चिरंजीवांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं आणि मला म्हणाले, चुकलंच आमचं.

हे मी अक्कांना वाचून दाखवणार नाही. लुगड्यावरून त्यांनी तुमच्याशी मांडलेलं भांडण अजून चालू आहे, त्यात तेल कशाला ओतू? चिरंजीवांनाही दाखवणार नाही. त्यांच्यासमोर मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, बघा, लोक उगाच मला नावं ठेवत होते. पण आबा, मला गाडी येत नाही असं म्हणणाऱ्या त्या लोकांत इतकी वर्षं मीही होते.