बर्फीची पोटदुखी

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१० नोव्हेंबर

ती. सुधाकरमामांस,
कादंबरीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र. आम्ही खुशाल, म्हणजे दिल्लीच्या या हवेत माणूस जितकं खुशाल राहू शकतं तितके. तुमचा जावई अनिश खोकतो आणि म्हणतो, सवय होईल.

तुम्ही जन्मभर सैन्याच्या घोड्यांचे डॉक्टर. मी नोएडातल्या राइडिंग स्कूलच्या दहा-बारा घोड्यांची. तेव्हा सल्ला द्या. आमचे मालक अंशुमन सर पूर्वी कॉर्पोरेटमध्ये होते, त्यामुळे घोड्याच्या पोटदुखीचंही त्यांना प्रेझेंटेशन लागतं. सगळ्या वेदनाशामकांची तुलना करून एकच ‘बेस्ट’ इंजेक्शन सांगा, असा हुकूम झाला.

मी सांगितलं. फ्लुनिक्सिनचा असर तासन्‌तास टिकतो. झायलाझिननं लगेच गुंगी येते, पण ती लवकर उतरते. जोडीला ब्युटॉर्फॅनॉल दिलं तर जबर कळही दबते. फेनिलब्युटाझोन पायाच्या दुखण्याला उत्तम, पोटाला सुमार. माझा कौल फ्लुनिक्सिनला. सरांनी गंभीरपणे ऐकलं आणि विचारलं, की इंजेक्शननंतर घोडा किती वेळात मुलांना फिरवू शकेल?

मामींना नमस्कार. टोमणे भरपूर पाठवावेत.
तुमची कादंबरी


पुणे
१६ नोव्हेंबर

चि. सौ. कादंबरीस,
अ. उ. आ.

तुझ्या सरांना सांग, की सर्वांत बेस्ट इंजेक्शन मालकाला द्यायचं असतं, तोंड बंद राहण्याचं. ते अजून निघालेलं नाही.

फ्लुनिक्सिन फार गुणी, तोच त्याचा दुर्गुण. आत आतड्याला पीळ पडलेला असला तरी घोडं गरीब गाईसारखं उभं राहतं. मालक खूश, डॉक्टर चहा पितो, आणि आतडं सावकाश काळं पडतं. माझी रीत जुनी. झायलाझिन द्यावं, ते उतरू द्यावं, कळ परत येते का बघावं. पुन्हा द्यावं, पुन्हा बघावं. तुमच्या पिढीला बघत बसणं म्हणजे बिनकामाचं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

तुझी मामी म्हणते, दिल्ली सोडा आणि इकडे या. पुण्याची हवा शुद्ध आहे असा तिचा अजून समज आहे.
तुझ्यावर टीका करण्याइतपत तरी लोभ असलेला,
सुधाकरमामा


लक्ष्मीबाई नगर
२८ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बर्फीबद्दल लिहायचं आहे. बर्फी म्हणजे आमची पांढरी, म्हातारी पोनी. नोएडातल्या सोसायट्यांमधली निम्मी मुलं पहिल्यांदा बसली ती तिच्याच पाठीवर. रविवारी सकाळी ती वळून वळून कुशीकडे बघायला लागली, मग खाली पडून लोळली. मी फ्लुनिक्सिन दिलं. थोड्या वेळात ती शांत झाली. त्या दिवशी तिथे एका मुलीचा वाढदिवस होता. सरांनी बर्फीच्या गळ्यात फुगे बांधायला सांगितले.

मी नाडी बघितली. कळ थांबली तर नाडी उतरायला हवी. ती चढतच होती. हिरड्या मळकट. पोटाला स्टेथोस्कोप लावला तर आत शुकशुकाट. नाकातून नळी घातली, तेव्हा पोटातलं हिरवट पाणी भळाभळा बाहेर आलं, म्हणजे पुढची वाट तुंबलेली. आणि दुपार व्हायच्या आत ती पुन्हा जमीन उकरायला लागली. फ्लुनिक्सिन अंगात असताना कळ परत येते, मामा, तेव्हा आणखी कसली वाट बघायची?

सर म्हणाले, की उभी तर आहे, उगाच पॅनिक नको, शिवाय म्हातारी आहे. मला मराठीत पुरेसं उद्धट होता येत नाही, म्हणून हिंदीत सांगितलं, की गुब्बारे छोड़ो और गाड़ी मंगवाओ. गाडी आली. झायलाझिन दिलं ते फक्त प्रवासापुरतं. सबंध रस्ता तिच्या मानेवर हात ठेवून उभी होते. 

रुग्णालयात तिचं पोट उघडलं. देठासारख्या दोरीवर लोंबणारी चरबीची गाठ लहान आतड्याभोवती परकराच्या नाडीसारखी आवळली होती. हातभर काळं आतडं कापून काढलं. बर्फी जगली.

सरांनी इन्स्टाग्रामवर टाकलं, की आमच्या बेस्ट इंजेक्शननं पोनी वाचली. नंतर मला फोन करून कळवलं, की पुढच्या महिन्यापासून त्यांना ‘टीम प्लेयर’ डॉक्टर हवा आहे. बर्फीवर आता बरेच महिने कुणी बसू शकणार नाही, तर हवी असल्यास तिलाही घेऊन जा म्हणाले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. तरी मी हो म्हणाले. अनिशला अजून सांगितलेलं नाही.

मायेत अंतर पडू देऊ नका, सध्या तिची गरज आहे.
कादंबरी


पुणे
४ डिसेंबर

चि. कादंबरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, की आता तरी पोरीशी सरळ बोला. प्रयत्न करतो, सराव नाही.

तुझ्या जागी मी असतो तर झायलाझिन दिलं असतं आणि बघत बसलो असतो. पुन्हा दिलं असतं, पुन्हा बसलो असतो. ती गुंगीत उभी राहिली असती आणि मी स्वतःच्या धीरावर खूश झालो असतो. संध्याकाळपर्यंत बर्फी गेली असती.

मेहरौलीच्या बाजूला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं शेत आहे, त्याच्याशी बोललो. बर्फीला जागा आहे. शिवाय आजूबाजूच्या तबेल्यांना डॉक्टर हवा आहे. मालक तिथेही मूर्खच आहेत, पण वाढदिवस करत नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी दिल्लीला येतोय. तुला भेटायला नव्हे, तिचे टाके बघायला.

लोभ होताच, तो वाढला आहे, हे नाइलाजानं कळवतो.
सुधाकरमामा