सेनेटर स्वतःहून वर येईपर्यंत

मी, व्हर्ना लिंडक्विस्ट, वय वर्षे एकोणऐंशी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार सेजवेल, कॅलिफोर्नियाच्या उंचावरच्या वाळवंटात, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. आधीचे मृत्युपत्र आम्ही मिनेसोटात केले होते. त्यात तळ्याकाठचे घर होते आणि होडी होती. आज दोन्ही नाहीत, म्हणून ते रद्द समजावे.

कलम १. माझे पती ऑर्व्हिल सहा वर्षांपूर्वी वारले. आमची एकुलती मुलगी कारिन मिनिआपोलिसला असते. माझी वारस तीच. बँकेत जे असेल ते तिचे. तिने तिकडच्या एका वृद्धाश्रमात माझ्यासाठी खोली ठरवून ठेवली आहे, हे इथे नोंदवून ठेवते. खिडकीतून तळे दिसते म्हणे. मला विचारले नव्हते. मला इथेच राहायचे आहे, पण त्याचे पुढे पाहू.

कलम २. पहार, टिकाव, दोन्ही फावडी आणि झाडे छाटायच्या कात्र्या शेजारीण डोलोरेस अरेगिन हिला द्याव्यात. इथे खड्डा खणत नाहीत, फोडतात, हे मला तिनेच शिकवले. पहिल्या वर्षी मी मिनेसोटाहून रूबार्बचे, म्हणजे थंडीत वाढणाऱ्या आंबट देठांच्या भाजीचे, मूळ आणून लावले. ते वाळले. दुसरे आणले, तेही वाळले. तिसऱ्याला मी छत्री लावली, तरी तेही वाळले, तेव्हा डोलोरेस कुंपणापाशी येऊन म्हणाली, "व्हर्ना, तीन खून झाले. चौथं मूळ आणलंस तर मी पोलिसांना बोलावते बघ." दुसऱ्या दिवशी कॉफीच्या डब्यात इथल्याच रानातले एक केशरी फुलांचे रोप घेऊन आली. आज अंगणभर तेच आहे. मी त्याला आठवड्यातून एकदा पाणी घालते, आणि तेही माझ्या समाधानासाठी.

कलम ३. समोरचे चेस्टर प्रुइट यांना माझा साप धरायचा लांब चिमटा. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या पायरीवरच्या खुळखुळ्या सापाचे फावड्याने दोन तुकडे केले आणि वर आभारांची वाट पाहत उभे राहिले. तो साप चार वर्षे त्या पायरीखाली राहत होता. माझ्या उंदरांचा बंदोबस्त तोच करायचा. चेस्टर, चिमट्याने धरायचे, बादलीत ठेवायचे, झाकण लावायचे, ओढ्याच्या कोरड्या पात्रात सोडून यायचे. राग अजून गेलेला नाही, चिमटा मात्र चांगल्यापैकी आहे.

कलम ४. गॅरेजच्या भिंतीवरची दोन वल्ही कारिनला. ती वल्ही इथे का आहेत, हे तिने मला कधी विचारले नाही, म्हणून लिहिते. ऑर्व्हिलच्या छातीसाठी डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली. त्याच आठवड्यात मी तळ्याकाठचे घर विकायला काढले. तो अंगणात होडीला रंग देत होता. मी म्हणाले, "रंग कशाला वाया घालवतोस?" त्याला कळले ते असे. ब्रश डब्यात ठेवला आणि घरात येऊन हात धुतले, बस्स. होडी गेली, वल्ही मात्र गादीत गुंडाळून घेऊन आला.

त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी कारिन स्वयंपाकघरात मला म्हणाली, "मॉम, तू डॅडला इथे आणून वाळवलंस." मी म्हणाले, "पाच वर्षं जास्त मिळाली त्याला." त्यानंतर आम्ही दोघी फोनवर फक्त हवेबद्दल बोलतो. कारिन, तुझे खरे होते. माझेही खोटे नव्हते. पण मी त्याला विचारायला हवे होते, आणि याचे मला रोज वाईट वाटते.

कलम ५. आता सेनेटर. हे रानकासव आहे, वय अंदाजे चाळीस. पाठीवर वन्यजीव खात्याचा क्रमांक चिकटवलेला आहे, तो काढू नये. नाव ऑर्व्हिलने ठेवले, कारण हाही सावकाश चालतो आणि दुसऱ्याचे खातो.

इथे आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात तो मला भर रस्त्यात दिसला. मागून ट्रक येत होता. मी गाडी थांबवली, त्याला उचलले आणि मांडीवर घेतले. त्याने लघवी करून माझा झगा भिजवला. शेजारी बसलेला ऑर्व्हिल आणि मी हसत हसत घरी आलो, आणि डोलोरेसने ते पाहून कपाळाला हात लावला.

"अगं, तू काय केलंस! ते वर्षभराचं पाणी असतं त्याचं. पोटात साठवून ठेवतात ती. घाबरली की सांडून टाकतात, आणि मग उन्हातच मरतात."

"मी वाचवलं त्याला!" मी म्हणाले.

"वाचवायचं होतं तर ज्या बाजूला चालला होता त्या बाजूला, जमिनीलगत धरून, पलीकडे ठेवायचं. घरी कशाला आणलंस?"

आम्ही त्याला टबात बोटभर पाण्यात ठेवले. वीस मिनिटे तो मान खाली घालून पीत होता. परत सोडायला हवा होता, पण मला वाटले, अशक्त आहे, महिनाभर राहू दे. महिन्यानंतर खात्याचा माणूस आला आणि म्हणाला की आता याला रानात सोडता येणार नाही, माणसांत राहून लागलेला आजार रानातल्या कासवांत जाईल. माझ्या मायेपायी त्याचे रान गेले. ऑर्व्हिल तेव्हा एवढेच म्हणाला, "ये बाबा, आता आपण दोघं." मी ते ऐकले, आणि ऐकले नाही असे दाखवले.

मी उचलणारी बाई आहे. हा गुण कारिनने माझ्याकडूनच घेतला.

कलम ६. घर आणि अंगण कारिनचे. विकायचे तर विकावे, फक्त लावा पक्ष्यांच्या पाण्याचे पसरट भांडे पुढच्या माणसाला दाखवून द्यावे. लावे पहाटे येतात आणि भांडे कोरडे असले तर फार आरडाओरडा करतात. अट एकच. सेनेटर गेल्या आठवड्यात हिवाळाभर झोपायला अंगणातल्या बिळात गेला. तो मार्चमध्ये वर येईल, किंवा एप्रिलमध्ये. दिवस त्यालाच ठाऊक. तो येईपर्यंत घर विकू नये, आणि येईल तेव्हा कारिनने ऑर्व्हिलच्या खुर्चीत हजर असावे. आजवर ती इथे तीन रात्रींपेक्षा जास्त राहिलेली नाही, याची मला कल्पना आहे. बीळ उकरू नये. काठी घालू नये. वर आला की परातीत पाणी ठेवावे आणि तो पिऊन होईपर्यंत बसावे.

त्यानंतर सेनेटर डोलोरेसचा. मात्र त्याला उचलून नेऊ नये. कुंपणाखाली मी फट करून घेतली आहे आणि पलीकडे ती केशरी फुले लावली आहेत. अंतर तीस पावलांचे आहे. त्याला दुपार लागेल. लागू दे.

कलम ७. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. तरी ठेवते.

मार्चमध्ये मी जिवंत असले तरीही कारिनने यावे. दोन खुर्च्या टाकू आणि बिळाकडे बघत बसू. खोलीचा विषय तिने तिथे काढावा. मी आधीच नाही म्हणून ठेवलेले नाही. फक्त मला विचारावे, आणि विचारून झाल्यावर गप्प बसावे, माझे उत्तर येईपर्यंत. सेनेटरइतका वेळ मी घेणार नाही.

डोलोरेसला कासव मिळणार असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. ती रुसून ओट्यावर बसली आहे आणि तिथून सगळे ऐकते आहे.

साक्षीदार:
१. रेमंड टिबेट्स, टपालवाले (सही)
२. ज्युनिपर होल्कम, ग्रंथपाल (सही)

व्हर्ना लिंडक्विस्ट (सही)
सेजवेल, ९ नोव्हेंबर २०२३

एक प्रत आजच कारिनला टपालाने धाडली. मरेपर्यंत थांबणार नाही.