तिसरा शिक्का

३० सप्टें. ९८, खंडेनवमी
शिवमंदिराजवळून झेंडू आणला. पाटावर दोघांची हत्यारं मांडली. यांचा बोलिंग खेळाचा जड काळा चेंडू, माझा विमानतळावरचा शिक्का: विमानाचं चित्र, खाली 'सिक्युरिटी चेक्ड'. घरी आणायचा नसतो, ठाऊक आहे. पण आज माझी सुट्टी, तिकडे बाकीच्या मशीनला हार घालणार आणि माझीच पूजा राहणार. काल पर्समध्ये टाकला.
यांच्या बोलिंगच्या हॉलवर काल तीन गिऱ्हाइकं. उन्हाळ्यात उल्हासनगरात रांग लागायची, आता चेंडूने पाडायच्या दहाच्या दहा बाटल्या दिवसभर उभ्या. यांची कंपनी बंद पडल्यावर सगळा जीव त्यातच घातलाय यांनी.

१ ऑक्टो., दसरा
हे म्हणाले, "मांडलेली पूजा संध्याकाळपर्यंत हलवायची नाही." शिक्का पाटावरच राहिला. शेजारच्या बूथमधल्या शेखबाईंचा मागून काम भागवलं. कुणी विचारलंसुद्धा नाही! हेच तर जूनमध्ये साहेबांना लिहून दिलं होतं: शिक्क्यांना नंबर टाका, सही घेऊन द्या, सही घेऊन जमा करा. उत्तर नाही.
घरी आले तर पाट रिकामा. यांनी चेंडूबरोबर सगळंच पिशवीत भरून नेलं.

३ ऑक्टो.
"आणतो, आणतो" ऐकून कंटाळले, स्वतःच गेले. पोरांच्या मनगटावर माझा शिक्का! आत सोडताना मारतात. भागीदार परसूशेठ खूश. "भाभी, बच्चे लोग को एरोप्लेन का ठप्पा मंगता है. पब्लिक देखो!"
खरंच गर्दी. हे शिट्टी वाजवत गिऱ्हाइकांना खेळायचे बूट वाटत होते. वर्षभरात यांना असं पाहिलं नव्हतं. शिक्का उचलला, पर्समध्ये टाकला. भांडायचं राहूनच गेलं.

७ ऑक्टो.
जेवताना हे सहज बोलून गेले. परसूशेठने पहिल्याच दिवशी उल्हासनगर कॅम्पातल्या शिक्केवाल्याकडून तीन डुप्लिकेट करून घेतलेत.
"अगं, पोरांचा खेळ आहे."
"त्या शिक्क्यावर माणसं विमानात चढतात!"
तशीच उठून बोलिंगवर गेले. दोन मिळाले, ब्लेडने रबर कापून टाकलं. तिसरा काउंटरवरून कुणी नेला, कुणालाच माहीत नाही.

१२ ऑक्टो.
साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. जूनमधली सूचना मंजूर. नंबरवाले शिक्के दिवाळीनंतर. टाळ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
हे म्हणतात, "आता सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल आणि इकडे बोलिंगला टाळं. नवे येईपर्यंत थांब. मग तो जुना कुणाच्या काय कामाचा?"
बरोबर आहे. पण तोवर?

१५ ऑक्टो.
लेडीज रांगेत एक बाई. बॅगेच्या टॅगवर शिक्का आधीच. "उधर लगाया," म्हणाली. उलटसुलट पाहिला. आमचा की तिसरा, ओळखता येईना. बॅग रिकामी करायला लावली. साड्या, मिठाई, लहान मुलाचा स्वेटर. अस्तर चाचपलं. काही नाही. सोडलं.
ड्युटी सुटली तरी तिचं विमान दिल्लीला उतरल्याचं कळेपर्यंत बाकावर बसून राहिले. उतरलं. मग साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. "बोला, म्हात्रेबाई?" "काही नाही सर, उद्या येते."
घरी हे दारातच उभे. "आज दोन्ही लेन फुल!" चेहरा असा उजळलेला, की माझ्याच्याने तोंड उघडवेना.
उद्या साहेबांना आधी सांगायचं, यांना नंतर. निदान आत्ता तरी असंच ठरवलंय.