चौथी ‘ब’ आणि रजेचं खरं कारण

पनवेल,
मंगळवार

चि. प्रभाकर यास,

अनेक आशीर्वाद. (अडुसष्टाव्या वर्षी ‘चिरंजीव’ म्हटलेलं तुला आवडत नाही, ते मला ठाऊक आहे. पण माझ्याहून चार वर्षांनी धाकटा राहण्याचं तू अजून सोडलेलं नाहीस, तेव्हा मायना बदलता येत नाही.) गुडघा कसा आहे? तेल चोळतोस, की बाटली कपाटात ठेवून तिच्याकडे नुसता बघतोस? तुझ्या सुनेला फोनवर विचारलं तर मिताली “बाबा मजेत आहेत” एवढंच सांगते. सुना सासऱ्यांबद्दल एवढंच सांगतात, त्यावरून काही कळत नाही. माझं ठीक आहे. रक्तदाब मोजला, तो इतका व्यवस्थित निघाला की डॉक्टरांना बोलायला विषयच उरला नाही.

मी जूनपासून दर बुधवारी खाडीकडच्या एका शाळेत चौथी ‘ब’ला एक तास लेखन शिकवते, हे तुला कळवलं होतं. (तू उत्तर दिलं नाहीस. असो.) शाळेला बाई कमी होत्या आणि मला वेळ जास्त होता. पहिल्या दिवशी मी पोरांना विचारलं, तुम्ही कायकाय लिहिलेलं पाहिलं आहे? माझी अपेक्षा पत्र, निबंध, गोष्ट अशी. त्यांनी सांगितलं वाढदिवसाचा बॅनर, खोकल्याची बाटली, लग्नाची पत्रिका, होडीवरचं नाव, ‘येथे गाडी लावू नये’. इंद्रजीत नावाच्या मुलाने आजीच्या हातावरचं गोंदण सांगितलं. हा लेखनप्रकार कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. तो कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला आणि वाचणाराने त्याचं करायचं काय, यावर वर्ग वीस मिनिटं भांडला. मी आवक-जावक विभागात तेहेतीस वर्षं कागदांवर शिक्के मारले, पण हे तीन प्रश्न मला कधी पडले नव्हते. त्या दिवसापासून बुधवारी मी जरा लवकरच तयार होऊन बसते.

मग आम्ही एकेक प्रकार घेत गेलो. नोटीस झाली, जाहिरात झाली, पदार्थाची कृती झाली (‘बोंबील स्वच्छ धुवावेत, मांजर बाहेर काढावे’, ही क्रमवार मांडणी मला फार आवडली). आणि मग आला रजेचा अर्ज. इथे घोटाळा झाला, आणि तो माझा होता हे मी तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

रजेचा अर्ज कसा असतो, हे सगळ्या वर्गाला तोंडपाठ होतं. ‘मला काल ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकलो नाही.’ एकोणतीस वह्या, एकोणतीस ताप. मी म्हटलं, हा अर्ज नव्हे, ही नक्कल आहे. अर्जात आपलं खरं कारण लिहायचं आणि ज्याला लिहिला त्याच्या हातात नेऊन द्यायचा, तरच तो अर्ज. (मी हे जरा मोठ्या आवाजात सांगितलं असावं. शेजारच्या वर्गातल्या पोरांनीही ऐकलं.) सोमवारी अमावास्या होती, म्हणजे खाडीला मोठी ओहोटी. शनिवारी सकाळी चौथी ‘ब’ रांगेने मुख्याध्यापक कमळाकर सरांच्या खोलीत गेली आणि एकोणतीस खरी कारणं टेबलावर ठेवून आली.

मनस्वीचा अर्ज मी उतरवून घेतला आहे. ‘सोमवारी मोठी ओहोटी सकाळी सात वाजता आहे. शाळेची घंटाही सात वाजता आहे. दोन्ही ठिकाणी जाता येत नाही. मला आजीबरोबर निवट्या धरायला जायचे आहे. माझी तब्येत चांगली आहे. तरी रजा मिळावी.’ (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो डोळे वटारलेला मासा. हे तुला सांगायला नको.) दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, ‘सोमवारी आई आणि आजी दोघीही घरी आहेत. मध्ये बसायला कोणीतरी लागेल.’ आणि एकाने, ‘कंटाळा आला आहे. एक दिवस पुरेल.’ इतकं मुद्देसूद लेखन मी कचेरीत तेहेतीस वर्षांत पाहिलं नाही.

कमळाकर सर मुळात चांगले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पडला होता. “बाई, ताप लिहिला असता तर सगळ्यांना रजा दिली असती. खरं कारण लिहिल्यावर मी मंजूर कसं करू?” मी म्हटलं, एकाच दिवशी एकोणतीस जणांना ताप? ते म्हणाले, “गेल्या वर्षी आला होता की.” सगळे अर्ज नामंजूर झाले, आणि लेखी नामंजूर झाल्यामुळे पोरांना सोमवारी यावंच लागलं. शाळेच्या इतिहासात अमावास्येला चौथीची हजेरी प्रथमच पूर्ण भरली.

गेल्या मंगळवारी मनस्वीची आजी माझ्या घरी आली. गुणाबाई बाजारात मासळी विकायला बसतात, त्यामुळे आवाज लांबपर्यंत पोहोचवायची सवय आहे. “बाई, आमी इतकी वरसं ताप लिवतो. कुनाचा कागद परत नाय आला. तुमी एकदा खरं लिवायला लावलंत न माझी ओहोटी गेली! मी म्हातारी, एकटी चिखलात उतरू काय?” मी खुर्ची पुढे केली. मग त्यांनीच विचारलं, “पन एक सांगा, पोरीनं लिवलेलं साहेबानं पुरं वाचलं ना?” मी म्हटलं, अक्षरन् अक्षर वाचलं. “मंग ठीक हाय,” म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या.

सर मात्र विसरले नव्हते. शिष्यवृत्तीच्या गणितांसाठी त्यांना एक तास हवाच होता, आणि माझा तास त्यांना समोर दिसत होता. म्हणाले, “बाई, अर्ज, पत्र हे परीक्षेपुरतं असतं हो. पोरांनी खरं पत्र लिहिलं आणि त्याला खरं उत्तर आलं, असं तुम्ही कधी पाहिलंय?” हे मला लागलं, कारण मी खरोखरच पाहिलेलं नाही. माझ्या टेबलावर पत्रं यायची, मी क्रमांक घालायची, ती पुढे जायची. त्यांचं पुढे काय झालं हे मी एकदाही विचारलं नाही. मी सरांना म्हटलं, उत्तर येईल. प्रत्येकाला येईल. ते हसले. ठरलं असं की पंचवीस तारखेपर्यंत एकोणतीस उत्तरं आली, तर बुधवारचा तास वर्षभर माझा. एक जरी कमी पडलं तरी तिथे गणित.

आता पत्र लिहायचं कुणाला? मामा बाद झाले, कारण ते फोन करतात. कलेक्टर बाद झाले, कारण त्यांना काय विचारायचं हे कुणाला सुचेना. पोरांना असा माणूस हवा होता ज्याला माशांतलं कळतं आणि ज्याला दुसरं काम नाही. मी म्हटलं, माझ्या ओळखीत एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनी खाडीतल्या माशांवर चारशे पानांचा प्रबंध लिहिला आहे, मात्र ते शाकाहारी आहेत. मग मनस्वी म्हणाली, “खाल्ला नाय, मग कळला कसा?” यापुढे मला काही शिकवावं लागलं नाही. माना खाली गेल्या आणि पेन्सिली चालू लागल्या. खुशालीबिशाली सगळ्यांनी एका ओळीत उरकली आणि तडक प्रश्न घातला. एकाने विचारलं आहे, ‘बाबा म्हणतात खाडीत निवट्या कमी झाल्या, आई म्हणते बाबा उशिरा उठतात. खरे कोण?’ दुसऱ्याने, ‘मासा पाण्यात रडला तर कळते का?’ निम्म्या प्रश्नांची उत्तरं मलाही हवी आहेत. रात्रीचं जेवण झाल्यावर मी ती पत्रं रोज पुन्हा काढून वाचत होते, ही गोष्ट वेगळी.

असो. पत्र लांबलं. मागणं काही नाही, सहज लिहिलं. गुडघ्याला जप.

तुझी,
अरुंधतीताई

ता. क. – ते प्राध्यापक तूच. एकोणतीस पत्रं कालच स्पीडपोस्टाने रवाना केली, गुरुवारी मिळतील. सोबत पत्ते लिहिलेली एकोणतीस पोस्टकार्डं आहेत. उत्तर हाताने लिहायचं, प्रत्येकाला निराळं. ‘सर्व बालमित्रांस’ असं एक पत्र चालणार नाही. इंद्रजीतने त्याची बंदी आधीच घातली आहे, त्याच्या पत्राचा शेवट वाच. आणि जे ठाऊक नसेल तिथे ‘ठाऊक नाही’ असं लिही. प्राध्यापकांना ते जड जातं, पण शब्द दोनच आहेत.

ता. ता. क. – तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, तुझ्या सहीने. तुझं अक्षर मला येतं. तू सातवीत असताना आमराईत जायचास तेव्हा तुला ताप कोण आणत होतं, हे आठवत असेलच. चौथी ‘ब’ला हे कळता कामा नये.

आणखी एक. तळाशी रियाचं पत्र आहे. ही मुलगी जूनपासून फळ्यावरचं उतरवण्यापलीकडे काही लिहीत नव्हती. तिने प्रश्न विचारलेला नाही. एकच ओळ आहे. ‘उत्तर नाही आले तरी चालेल, पण पत्र मिळाले का ते सांगा.’ प्रभाकर, बाकीची अठ्ठावीस सावकाश लिही. हे एक गुरुवारीच टाक.